पानाबरोबर न फिरणारं काळं घर

उपडं पडून राहायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी मला शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. गाणी ऐक, नामस्मरण कर, मन शांत ठेव. जमिनीकडे तोंड करून तीन दिवस पडलं की स्वतःच्या नाकाचासुद्धा राग येतो, हे एकानेही सांगितलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन होऊन कुणी माझ्यासारखं पडलं असेल, तर घरातल्या कुणीतरी त्याला हे वाचून दाखवावं. वाचणाऱ्यावर चिडू नका, एवढंच आधी सांगते. मी भरपूर चिडले आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

मी वैशाली. माहेर सांगलीकडचं, लग्नानंतर बोईसरला आले ती इथलीच झाले. नवरा विलास वीजप्रकल्पात शिफ्टमध्ये काम करतात. मी तारापूरच्या एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. गिऱ्हाइकाने पाठवलेला निळा आणि आम्ही बनवलेला निळा एकच आहे का, हे सांगायचा पगार मला मिळतो. हे सगळं मी एका डोळ्यावर करते. लहानपणी डाव्या डोळ्याला विटी लागली, तेव्हापासून त्या डोळ्याला माणूस दिसतो, पण तो कोण ते कळत नाही. जी काय ती भिस्त उजव्यावर.

पाळी

आमच्या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत गूढ शब्दकोडं येतं. साध्या कोड्यात अर्थ देतात आणि शब्द मागतात. गूढ कोड्याचं सूत्र मात्र बोलतं एक आणि त्याच्या मनात असतं दुसरंच. 'गरीब उलटा फिरला आणि समुद्राकडे निघाला', दोन अक्षरं. गरीब म्हणजे दीन, तो उलटा वाचला की नदी. असं एखादं सुटलं की मला दिवसभर पुरतं. विलासना यात काय मजा आहे ते अजून कळलेलं नाही.

फोनवर आमचा एक ग्रुप आहे, नाव 'उकल'. गावोगावचे लोक आहेत, एकमेकांना पाहिलेलं कुणीच नाही. दर रविवारी एकाची पाळी असते. त्याने कुणाची मदत न घेता कोडं सोडवायचं आणि संध्याकाळी परीक्षण लिहायचं. कुठलं सूत्र झकास, कुठलं ओढूनताणून आणलेलं, कुठे रचणाऱ्याने चलाखी केली, सगळं. चौकटीचंही परीक्षण होतं. तिच्यातली काळी घरं अशी हवीत की पान उलटं धरलं तरी नक्षी तीच दिसली पाहिजे. ही जुनी शिस्त आहे आणि ती मोडलेली आम्हाला खपत नाही.

तो रविवार माझ्या पाळीचा होता. कोडं रचणारे 'कासव' या टोपणनावाने लिहितात. कऱ्हाडकडचे आहेत, वयाने बरेच मोठे. ग्रुपवर आहेत, पण कधी बोलत नाहीत. मी पेन्सिल घेऊन बसले आणि पाहते तर चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात काळ्या घरांचा नुसता गोळा. जिथे एक घर असावं तिथे दोन-तीन एकमेकांना चिकटलेली. थेट तिकडे पाहिलं की जरा उजळायचं, नजर हलली की पुन्हा काळं. मला वाटलं, शाई फुटलीय. मग वाटलं, शाई नव्हे, कासवांनीच चौकट बिघडवलीय.

आता इथे थांबून एक सांगायला हवं. त्याच्या आधीचे काही दिवस माझ्या डोळ्यात कडेला वीज चमकल्यासारखं होत होतं. काळे ठिपकेही तरंगत होते. मी प्रयोगशाळेत दोनदा चिलट मारायला हात उगारला. थकवा असेल म्हणून सोडून दिलं. तुम्ही सोडू नका. असं झालं तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, ते माहीत नाही.

संध्याकाळी मी परीक्षण टाकलं. सूत्रांना चांगलं म्हटलं आणि चौकटीला झोडपलं. लिहिलं, की खालच्या डाव्या कोपऱ्यात समतोल पार ढासळला आहे, एवढ्या अनुभवी रचनाकाराकडून ही अपेक्षा नव्हती. चौकटीचे गुण कापले. ग्रुपवर लगेच लोकांनी पानाचे फोटो टाकले, चौकट व्यवस्थित आहे म्हणून. मी फोटो मोठे करून पाहिले. फोटोच्याही खालच्या डाव्या कोपऱ्यात अंधार. तुमच्याही अंकात तीच चूक आहे, असं मी ठणकावलं. हा वाद सोमवारी सकाळपर्यंत चालला. मी एकटी एका बाजूला आणि बाकी सगळे दुसऱ्या. असं असलं की मला आणखीच चेव येतो.

फोन

सोमवारी मी कारखान्यात जायला निघत होते, तर अनोळखी नंबरवरून फोन.

"वैशालीताई का? मी कासव बोलतोय."

मला वाटलं, आता भांडणार. मी पदर खोचून तयार झाले.

"कालचा अंक जवळ आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे की. समोरच आहे."

"चौकट बघा. काळं कुठं दिसतंय?"

"खाली, डावीकडे. सांगितलंय ना मी सगळं."

"बरोबर. आता पान उलटं धरा. डोकं खाली, पाय वर. काळं कुठं गेलं?"

मी पान फिरवलं. परीक्षण लिहिणाऱ्याने हे सगळ्यात आधी करायचं असतं, आणि मी रविवारी ते केलंच नव्हतं. मला इतकी खात्री होती.

"खाली, डावीकडे," मी म्हटलं.

"नीट बघून सांगा."

"खालीच आहे. डावीकडेच."

ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, काळं घर कागदावर असतं तर ते पानाबरोबर फिरून वर उजवीकडे गेलं असतं. ते फिरत नाही. म्हणजे ते कागदावर नाही. तुम्ही कामावर जाऊ नका. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आत्ता जा."

मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. आधी शरम वाटली आणि भीती त्याच्या मागून आली. मी डावा डोळा झाकला आणि भिंतीकडे पाहिलं. पांढऱ्या भिंतीच्याही खालच्या डाव्या कोपऱ्यात तोच काळोख होता. कालच्यापेक्षा थोडा वर चढलेला.

एका दिवसात

विलास नाइट शिफ्ट करून नुकतेच झोपले होते. त्यांना उठवलं. शेजारच्यांची गाडी मागितली आणि पालघरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घातले, बाहुली मोठी व्हायला बाकावर बसवलं आणि मग दिवा लावून बराच वेळ पाहत राहिले.

"पडदा सुटतोय," ते म्हणाले. "मध्यभाग अजून चिकटलेला आहे. तो सुटायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. आजच मुंबईला जा, मी फोन करून ठेवतो. आणि फार हलू नका."

मध्यभाग म्हणजे ज्याने वाचता येतं तो. दुसरा डोळा असा आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चिठ्ठी लिहायला घेतली. त्यांनी 'काळजी करू नका' म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. म्हटलं नाही.

बोईसरला घरून कपडे घेऊन निघालो. चिल्हार फाट्याला हायवे लागेपर्यंत रस्त्यात जितके खड्डे आले, तितक्यांदा मी दोन्ही हातांनी डोकं धरलं. विलास जपून चालवत होते, तरी मी प्रत्येक खड्ड्याला त्यांच्यावर ओरडले. मी दर थोड्या वेळाने डावा डोळा झाकून काळोख कुठवर आला ते बघत होते. पुढच्या गाडीचा नंबर वाचता येतोय का बघत होते. शेवटी विलास म्हणाले, "सारखं बघून तो थांबणार आहे का?" मी म्हटलं, "न बघून थांबणार आहे का?" मग मनोर मागे पडेपर्यंत मी पुढच्या गाड्यांचे नंबर वाचत राहिले.

इस्पितळात दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पडदा जागेवर बसवला आणि तो तिथेच चिकटून राहावा म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. ऑपरेशनपेक्षा मला आठवते ती आधीची रांग. आम्ही सगळे हिरव्या गाउनमध्ये बाकावर, प्रत्येकाच्या एका भुवईवर पेनाने खूण केलेली, डोळा चुकू नये म्हणून. नर्स प्रत्येकाला दर खेपेला नाव आणि डोळा विचारायची. मी दर खेपेला 'उजवा' म्हणायचे. शेजारच्या आजोबांना मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं. त्यांनी मला विचारलं, "दुसरा चांगला आहे ना?" मी हो म्हटलं. त्यांना उगाच कशाला घाबरवायचं.

आमच्या डॉक्टरबाई तरुण होत्या, पण बोलायला रोखठोक. "मी माझं काम केलंय," त्या म्हणाल्या. "आता बुडबुडा त्याचं काम करेल. तो नेहमी वर जातो, म्हणून तुम्ही तोंड खाली ठेवायचं, म्हणजे तो पडद्याला दाबून धरेल. जेवणाला आणि बाथरूमला उठा. बाकी सगळा वेळ उपडं."

"मग दिसेल?"

"पडदा चिकटेल असं वाटतंय. किती दिसेल ते बुडबुडा विरल्यावर बघू."

उपडं

घरी हॉलमध्ये विलासनी दोन खुर्च्या आणि एक स्टूल जोडून माझी सोय केली. कपाळ उशीच्या कडेवर, तोंड खाली, खाली फरशी. त्या फरशीला एक पिवळा डाग आहे हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. आता तो मला पाठ आहे, म्हणजे जितका डाव्या डोळ्याने दिसला तितका.

मान दुखते. कपाळ दुखतं. पण सगळ्यात वाईट म्हणजे चुळबुळ. मला बसून राहायची सवय नाही. प्रयोगशाळेत मी एका जागी दहा मिनिटं टिकत नाही. इथे पाय हलवत राहायचे, बोटं मोडत राहायची. डोक्यात एकच चालू असायचं. रंग जुळवता येणार नाहीत. वाचता येणार नाही. गॅस पेटला की नाही ते आवाजावरून ओळखावं लागेल. विलास शिफ्टला गेले की मी दिवसभर काय करणार? मी रडले नाही, कारण रडून डोळ्याला काही होईल अशी भीती होती. रडायचीसुद्धा भीती वाटावी, हे मला फार लागलं.

लोक भेटायला येत. सगळे माझ्या पाठीशी बोलत. "कसं वाटतंय?" असं डोक्यावरून विचारत, आणि त्यांच्या चपला मला दिसत. माझा भाऊ नाशिकला असतो. त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. डोळ्यात वायू असेपर्यंत उंचावर जायचं नाही, घाट चढला तर वायू फुगतो आणि डोळा जातो, असं इस्पितळाने बजावलं होतं. मनगटावर तसा पट्टाही बांधला होता. भावाला ते पटेना. फोनवर म्हणाला, "ताई, कसारा चढायचाय, चंद्रावर नाही जायचं." मी फोन ठेवला. त्यानंतर तो बरेच दिवस बोलला नाही. विलास लग्नाला गेले नाहीत, त्याचाही राग माझ्यावरच निघाला.

मला बरं वाटलं ते एका बाईमुळे. शिरगावहून मासे घेऊन आमच्या दारी येणारी मावशी. दार उघडंच होतं. तिने टोपली बाहेर ठेवली, आत आली आणि माझ्या खुर्चीसमोर सरळ फरशीवर बसली. मग वाकून खालून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"बाय, तू हाय का या उशीखाली? तोंडच दिसत नाय तुझं."

"आहे, मावशी."

"किती दिस असं?"

"डॉक्टर सांगतील तोवर."

"मंग आमी खालीच बसून बोलतो. त्यात काय."

ती बराच वेळ बसली. पोराच्या बोटीचं, बोंबील किती महागलेत त्याचं, सुनेचं असं काय काय सांगत राहिली. दुखण्याबद्दल एक अक्षर नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी कुणी समोरासमोर बोलत होतं. आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांनी एवढं करावं. त्याचं तोंड जिकडे असेल तिकडे जाऊन बसावं.

विलास वाचतात

पुढच्या रविवारी मी विलासना म्हटलं, कोडं वाचा. त्यांनी पुरवणी घेतली आणि प्रकल्पातली सुरक्षेची सूचना वाचावी तसं सुरू केलं. "आडवे. एक. अमुक तमुक. कंसात तीन." ना चढ ना उतार. स्वल्पविराम गिळून टाकत. सूत्रात स्वल्पविराम कुठे आहे त्यावर सगळं असतं. मी म्हटलं, पुन्हा. त्यांनी पुन्हा वाचलं, तसंच. मी तिसऱ्यांदा म्हटलं, आणि माझा आवाज चढला.

त्यांनी पुरवणी खाली ठेवली. मला त्यांचे पाय दिसत होते. "एवढ्या घाईने हे वाचून घेतेस," ते म्हणाले. "दोन दिवस फोनवर भांडत बसलीस, तेव्हा कुठे गेली ही घाई? डोळा झाकून बघायला किती वेळ लागतो?"

"तुम्हीच रविवारी म्हणालात, चष्मा बदल म्हणून."

"म्हणालो. मग? तू ऐकतेस का माझं कधी?"

दोघांचंही खरं होतं. ते स्वयंपाकघरात गेले. कुकरचं झाकण आपटलं. मी डागाकडे बघत पडून राहिले आणि मनात त्यांना नाही नाही ते बोलले. त्या वेळी मला वाटलं होतं, की यांना माझ्या डोळ्याचं काही नाही. वरण-भात, शिफ्ट आणि थेंबांच्या वेळा, एवढंच यांना दिसतं.

जेवणानंतर ते पुन्हा येऊन बसले. पुरवणी उचलली. "'जंगलातला गंध रामाला चौदा वर्षं सोसावा लागला.' चार. वनवास. यात काय अवघड आहे?"

"गंध कशाला आहे मग?"

"उगाच घातलाय. चौदा वर्षं म्हटल्यावर कुणालाही कळतं."

"वन म्हणजे जंगल. वास म्हणजे गंध. वनवास."

"म्हणजे दोनदा सांगितलंय," ते म्हणाले. " एकदा सांगून भागत होतं." मला हसू फुटलं. खांदे हलायला लागले तसे ते ओरडले, "हलू नको, बुडबुडा हलेल." त्यावर आणखी हसू आलं. आम्ही ते कोडं अर्धंच सोडवलं.

काठ

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी उठून बसायची परवानगी दिली. बुडबुडा हळूहळू विरत होता. मला समोर बाटलीतल्या पाण्यासारखा एक काठ दिसायचा, चालले की डुचमळणारा. काठाच्या खाली धूसर, वर स्वच्छ. रोज काठ खाली जायचा. आधी छताचा पंखा दिसला, मग दाराची चौकट, मग विलासचे केस. केस किती पांढरे झालेत, हे मी त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "या महिन्यातच झालेत."

काठ खाली जाईल तशी माझी तगमग वाढली. बुडबुडा असेपर्यंत, 'तो गेला की दिसेल' असं म्हणता येत होतं. तो गेल्यावर काय म्हणणार? पूर्ण विरला त्या सकाळी मी पाच मिनिटं डोळाच उघडला नाही.

उघडला. दिसलं. कॅलेंडरवरचे मोठे आकडे, मग लहान. वर्तमानपत्राचा मथळा, मग खालचा मजकूर. वाचता येत होतं. पण एका जागी ओळ खचलेली. खिडकीचा गज त्याच जागी किंचित आत दबलेला. डॉक्टरबाईंनी तपासलं. मध्यभाग वाचला आहे, म्हणाल्या, पण त्याच्या अगदी कडेला पडद्याला बारीक सुरकुती राहिली आहे. ती कदाचित राहील. पुढे मोतीबिंदूही लवकर येईल. आणि पडदा पुन्हा सुटणार नाही, असं लिहून देता येणार नाही.

त्यांनी मला एक कार्ड दिलं. पांढऱ्यावर काळ्या रेघांची चौकट, सगळी घरं रिकामी, मधोमध एक ठिपका. रोज सकाळी डावा डोळा झाकायचा आणि ठिपक्याकडे पाहायचं. एखादी रेघ जास्त वाकली किंवा एखादं घर नाहीसं झालं, तर त्याच दिवशी यायचं. "रविवार असला तरी," त्या म्हणाल्या. कासवांचा किस्सा मी त्यांना सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेवर बसले. कार्ड समोर ठरावीक अंतरावर हवं होतं, म्हणून विलास ते धरून उभे राहिले. मी डावा डोळा झाकला. ठिपक्याकडे पाहिलं. एक नाही, सगळ्या रेघा हलत होत्या. आडव्या, उभ्या, सगळ्या थरथरत होत्या.

"सुटला," मी म्हटलं. "पुन्हा सुटला. गाडी काढा. सगळं हलतंय."

ते कार्ड धरून तिथेच उभे राहिले. मी डोळ्यावरचा हात काढून वर पाहिलं. त्यांचा चेहरा मला नीट दिसला, अगदी स्पष्ट, ओठ घट्ट मिटलेले. खाली पाहिलं तर कार्डाची कड थरथरत होती. डोळ्याला काही झालेलं नव्हतं. कापत होता तो त्यांचा हात.

मी त्यांचं मनगट धरलं. मग डावा डोळा पुन्हा झाकला आणि ठिपक्याकडे पाहिलं.

"एक रेघ वाकलीय," मी सांगितलं. "कालच्याइतकीच. बाकी सरळ आहेत."